वार लावून जेवणं

माझे सासरे मराठीचे निवृत्त मास्तर. चंदिगडला आमच्याकडे राहायला आले ते शब्दांचं वेड बरोबर घेऊनच. ऐकायला माणूस कोण, तर मी! नवरा इस्पितळात, मुलं मराठीला हिंदीत उत्तरं देणारी. मग पोळ्या लाटता लाटता मी ऐकायची. आठवड्याचा वार संस्कृतातला, कापडाचा वार बहुधा साहेबाच्या यार्डातून आलेला, तलवारीचा वार निराळा, आणि बाळंतिणीची वार पडते ती तर चक्क स्त्रीलिंगी. "एकाच घरात राहतात, पण नातं काही नाही," मामंजी म्हणायचे. "आपल्या बिल्डिंगसारखंच की," मी म्हणायची.

खालच्या मजल्यावर बीजी राहायच्या, म्हाताऱ्या विधवा सरदारणी. त्यांनी यात भर घातली. पंजाबीत वार म्हणजे शूरांचा पोवाडा. मामंजी दिवसभर खुशीत होते.

बीजींचा एकुलता एक मुलगा बटाल्याकडे नोकरीला होता. त्याला गोळी घातली. अतिरेक्यांनी की पोलिसांनी, ते अखेरपर्यंत कळलं नाही. त्या दिवसांत विचारायचं तरी कुणाला? कर्फ्यू उठला की लोक दूध-भाजी आणायचे आणि दारं लावून घ्यायचे. ग्रंथसाहिबाचा पाठ झाला, पाहुणे गेले, आणि बीजींनी अन्नच सोडलं. मी डबा न्यायची, तो तसाच परत यायचा. त्यांच्या मनगटातलं कडं कोपराकडे घसरायला लागलं. मला रडू यायचं आणि रागही यायचा. बाई डोळ्यांदेखत मरत होती हो.

"डब्यानं भागणार नाही," मामंजी म्हणाले. "वार लावू." म्हणजे गरीब विद्यार्थी पूर्वी रोज एकेका घरी जेवायचे, तसं. ते स्वतः असेच शिकले होते. आसपासच्या मराठी घरांत फिरून त्यांनी सातही दिवस ठरवून टाकले. मी भडकले. "अहो मामंजी, त्या काय मुंजा मुलगा आहेत? जिच्या घरी रोज दहा पानं उठायची, त्या बाईनं दारोदार जेवायला जायचं?"

ते खाली गेले. आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाले, "बहनजी, मैं भी खाया. सात घर. बचपन में." आणि खरंच त्यांना वर घेऊन आले.

मंगळवार आमचा होता. मी पिठलं-भाकरी केली होती. बीजी मान खाली घालून पानावर बसल्या, मी वाढायला उभी. त्या घासच घेईनात. "तू भी बैठ, पुत्तर. अकेले नहीं खाया जाता." सासऱ्यांच्या पंगतीला मी जन्मात बसले नव्हते. बसले. मग त्यांनी पहिला घास घेतला. अर्धी भाकरी संपली. दुसरी त्यांनी मागून घेतली. देवा, किती हायसं वाटलं मला!

आणि एकाएकी त्या हुंदके देऊन रडायला लागल्या. "मेरा पुत्त चला गया, और मुझे रोटी चंगी लगी." उष्ट्या हातानंच स्वतःच्या थोबाडीत मारून घेऊ लागल्या. मी त्यांचा हात घट्ट धरला.

मामंजी ताटाकडे बघत होते. मग मराठीतच, कुणाला कळो न कळो, म्हणाले, "आई गेली त्याच आठवड्यात माझा पहिला वार लागला. त्या घरी श्रीखंड होतं. मी तीनदा मागून घेतलं."