नैवेद्याचं मीठ

सख्यांनो, हसणार नसाल तरच वाचा.

आज पाडवा. सासूबाईंचं वर्षश्राद्ध झाल्यावरची ही पहिलीच दिवाळी.

आमच्याकडे नैवेद्याआधी कुणी चव घेत नाही. म्हणून मीठ नेहमी सासूबाईच घालायच्या. "तुला अंदाज नाही गं," हे त्यांचं ठरलेलं!

आज मी हट्टाने मोबाईलवर बघून दुधीचे कोफ्ते आणि मेथी पुलाव केला. मीठ आधीच दोन वाट्यांत मोजून ठेवलं. नवरा लेकीला घेऊन श्रीखंड आणायला गेला होता. घरात मी एकटीच.

नैवेद्य दाखवला, पानं वाढली. लेक शाळेतल्या गुजरातीत म्हणाली, "मम्मी, मस्त छे!" नवरा मात्र पहिल्याच घासाला थांबला. "मीठ अगदी आईने घातल्यासारखं." मी अशी खूश झाले म्हणून सांगू!

मग आवरायला ओट्याशी गेले. दोन्ही वाट्यांतलं मीठ जसंच्या तसं होतं. मी घालायलाच विसरले होते.

कढईतला रस्सा पुन्हा चाखला. मीठ बरोब्बर.

नवऱ्याला अजून सांगितलं नाही. उद्या भाऊबीज, पुन्हा नैवेद्याचा स्वयंपाक. तुम्हीच सांगा, मीठ मी घालू, की वाट बघू?