गणवेशाची दुमड

समोरच्या बाल्कनीत वंदनाताईंनी आज पुन्हा लेकीचा गणवेश उन्हात टाकलाय. साथीमुळे शाळा बंद झाल्या, तरी जूनमध्ये उघडतीलच या भरवशावर त्यांनी तो शिवून घेतला होता. वाढत्या अंगाचा, स्कर्टला खाली चांगली चार बोटं दुमड ठेवून. शाळा उघडणार अशी बातमी आली की त्या तो मुलीला घालून बघतात आणि दुमड थोडी उसवतात.

मी शाळेत शिकवते, म्हणून मलाच विचारतात, "बाई, या महिन्यात उघडेल ना?"

"बघू या," मी म्हणते. उघडावी म्हटलं तर वर्गातल्या मुलांच्या घरची म्हातारी माणसं डोळ्यांपुढे येतात. नको म्हटलं, तर मोबाइलवरचे ते पेंगुळलेले चेहरे. विचार करून करून आता कंटाळा आलाय. मोठी माणसं तारखा ठरवतात, पुढे ढकलतात. मुलं तेवढी वाढायची थांबत नाहीत.

आज त्यांनी काही विचारलं नाही. स्कर्ट उलटा करून दाखवत म्हणाल्या, "आता उसवायला काही उरलं नाही, बाई."

कोऱ्या कापडावर उसवलेल्या टिपांच्या तीन रेघा होत्या, आणि शाळा एक दिवसही भरली नव्हती.