खालचा अर्धा कप

चहात साखर घातली की आमचे विज्ञानाचे सर चमचा बाजूला ठेवायचे, कपावर बशी झाकायचे आणि हाताची घडी घालून बसायचे. कुणी ढवळायला पुढं झालंच, तर म्हणायचे, "थांबा की पावणं. तिला काय गाडी गाठायची हाय?"

तिला म्हणजे साखरेला.

आमच्या शाळेत चहा बिनसाखरेचा यायचा. कसबा बावड्यात, साखर कारखान्याच्या वासात बसून बिनसाखरेचा चहा! पण निम्म्या स्टाफला मधुमेह आणि उरलेल्यांना त्याची भीती, म्हणून साखरेचा डबा वेगळा. सर त्यातली चमचाभर घेणार, ढवळणार नाहीत, वरचा अर्धा कप पिणार आणि उरलेला तसाच टाकून तासाला जाणार. तुम्ही तिथं असता तर तुम्हीही आमच्यासारखंच म्हणाला असता, माणूस विसरभोळा आहे. आणि मी तर मराठीचा मास्तर. तर्क करण्यापलीकडं मला येतं काय?

एकदा सर रजेवर होते आणि त्यांचा तास माझ्या गळ्यात पडला. धडा विद्राव्यतेचा. पुस्तक उघडायचे कष्ट कोण घेतो? मी ग्लासात साखर खळखळा ढवळत ठोकून दिलं, "पोरांनो, जेवढं जास्त ढवळाल तेवढी जास्त साखर पाण्यात मावते."

दुसऱ्या दिवशी सरांनी मला त्याच वर्गात बोलावलं. ग्लासात बोटभर गार पाणी. त्यात ते साखर घालत गेले, घालत गेले, शेवटी तळाला थर राहिला. मग चमचा माझ्या हातात दिला. "ढवळा." मी ढवळलं. थर गरगर फिरायचा आणि पुन्हा तळाला जाऊन बसायचा. माझा हात भरून आला. पोरं जाम खूश.

"ढवळून लवकर विरघळतंय," सर म्हणाले. "खडा बारीक केला तरी लवकर विरघळतंय. पण जास्त न्हाय. जास्त पायजे तर पाणी तापवाय लागतंय, न्हायतर वाढवाय लागतंय. गार पाणी झेपंल तेवढंच पोटात घेतंय. त्यात पाण्याचा बी दोष न्हाय आन् साखरेचा बी न्हाय."

मग त्यांनी तो ग्लास गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवला. थोड्या वेळानं थर दिसेनासा झाला. मीही दिसेनासा झालो, म्हणजे स्टाफरूममध्ये पळालो.

सर निवृत्त झाले. आमच्याच गल्लीत राहायचे, त्यामुळं भेट चुकायची नाही. पुढं त्यांच्या बायको, आमच्या काकू, अचानक गेल्या. मी भेटायला गेलो आणि भाषेचा माणूस असल्यामुळं बोलतच सुटलो. जन्म-मरण, ईश्वरेच्छा, काळ हेच औषध. सरांनी बराच वेळ ऐकून घेतलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मास्तर, बास की. ढवळून जास्त विरघळत न्हाय."

घरी येऊन हे सांगितलं, तर आमची बायको म्हणाली, "तुम्ही गप बसा आणि त्यांना रोज चहाला घेऊन या."

तेव्हापासून सर रोज येऊ लागले. दिवस मावळायच्या आत खाणं-पिणं उरकायचा त्यांचा जैनांचा नेम, म्हणून आमचा चहाही ऊन असतानाच व्हायला लागला. त्यांचा बिनसाखरेचा, वरून एक चमचा साखर, बशी, हाताची घडी. आणि रोज अर्धा कप शिल्लक.

बायकोच्या ते मनाला लागलं. "माझ्या चहात खोट काय हाय? अहो, साखर खाली राहती म्हणून गोडच लागत नसंल त्यांना." आणि एके दिवशी तिनं आतूनच चहा चांगला ढवळून आणला.

सरांनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"वहिनी, आज ढवळलासा व्हय?"

"व्हय. गोड हाय न्हवं आता?"

"हाय की," सर म्हणाले. "लग्नानंतर आमच्या बिऱ्हाडात दोनच कप हुते. एक पावण्यांचा, एक आमचा. मला गोड चालायचं न्हाय आन् तिला गोडाबिगर चालायचं न्हाय. मग हिकमत तिनंच काढली. ढवळायचं न्हाय. वरचा फिका माझा, खालचा गोड तिचा. पुढं डझनावारी कप आले घरात, पर हात निम्म्यावर थांबायचा तो थांबायचाच. शाळंत बी. आता घरात बी तसाच थांबतोय."

बायको पदर तोंडाला लावून आत गेली.

दुसऱ्या दिवशी चहा न ढवळता आला. सरांनी निम्मा पिऊन कप खाली ठेवला. मला काय सुचलं कोण जाणे, मी तो उचलला आणि उरलेला पिऊन टाकला. इतका गोड होता की माझे दात शिवशिवले.

"सर, खालचा अर्धा आजपासनं माझा."

काकू गेल्यापासून सर हसलेले मी पाहिले नव्हते. त्या दिवशी हसले. "मास्तर, पोट बघा की आधी!"

पोट वाढलं. डॉक्टर ओरडले. मी कारण सांगितलं नाही. सांगून त्यांना पटलं नसतं.

गेल्या वर्षी सरांचा मुलगा त्यांना बेंगळुरूला घेऊन गेला. पोरगा चांगला आहे, घर मोठं आहे. कधीतरी फोन येतो. "हितं चहा मशिनीतनं येतोय, मास्तर. ढवळूनच येतोय."

काल फोन ठेवल्यावर मी बायकोला बिनसाखरेचा चहा मागितला. वरून चमचाभर साखर घातली, बशी झाकली, हाताची घडी घातली. मग वरचा अर्धा प्यालो. सरांचा अर्धा मी कधी चाखलाच नव्हता. अगदी फिका होता हो.

निम्म्यावर माझा हात थांबला. मी कप समोरच्या खुर्चीपुढं सरकवला.

"प्या की," बायको म्हणाली. "गार होतोय."

"थांब की. ऊन हाय अजून."