दोन लाख सोळा हजार किलोमीटर

शिक्रापूरच्या फरीदानं अकरा वर्षं स्वतःच्या व्हॅनमधून कंपनीतल्या बायकांची ने-आण केली. गुडघे दुखायला लागले तेव्हा तिनं व्हॅन विकायला काढली.

एजंट म्हणाला, "दोन लाख सोळा हजार किलोमीटर? ताई, मीटर मागं फिरवू. लगेच गिऱ्हाईक मिळंल."

"तेवढी गाडी मी चालवलीय. एक किलोमीटर बी कमी करायचा न्हाई."

तिनं स्वतःच काचेवर पाटी लावली आणि आकडा ठळक लिहिला. तिघंजण तो वाचूनच परत गेले. भाऊ इरशाद चिडला, तरी तिनं पाटी काढली नाही.

महिन्यानं वडगाव रासाईची अनिता आली. "इंजन खोललं व्हतं का?"

"एकदा. पावती हाय."

भाव थोडा कमी आला, पण फरीदाला त्याचं काही वाटलं नाही. अनिता व्हॅन स्वतः चालवत घरी घेऊन गेली.