आम्ही हसण्यावारी नेलेली गाठ

सुलक्षाच्या आईचा फोन आला तेव्हा मी वॉर्डात एका आजींच्या पाठीला स्टेथोस्कोप लावून उभी होते. वॉर्डात फोन घ्यायचा नसतो, पण नाव दिसलं आणि घेतला. "आमचें सुलक्षा गेलें गो," एवढंच त्या म्हणाल्या. आजींना मी मोठे श्वास घ्यायला सांगितलं होतं. त्या घेतच राहिल्या... थांबा म्हणायचं मी विसरले. याला आता पाच आठवडे झाले.

मला लिहायची सवय नाही. गोव्यातल्या हळर्ण गावच्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि मेडिकलच्या होस्टेलवर आले तेव्हा इंग्रजीत प्रश्न आला की माझी जीभ टाळ्याला चिकटायची. माझ्याच खोलीतली सुलक्षा डिचोलीची. तिच्या आईचं बाजारात बांगड्यांचं छोटं दुकान. पहिल्याच दिवशी तिनं आपल्या डब्यातली अर्धी भाजी माझ्या पावावर वाढली आणि म्हणाली, भिऊ नको, इथे सगळेच घाबरलेत, फक्त काहीजण इंग्रजीत घाबरलेत. पुढे मी वर्गात उत्तर द्यायला उभी राहिले की ती खालून माझी ओढणी हलकेच ओढायची. म्हणजे, बोल, बरोबर आहे तुझं.

तिसऱ्या वर्षी आम्हाला आळीपाळीनं एकेका विभागात पाठवतात, त्याला पोस्टिंग म्हणतात. ज्या विभागात जावं तिथला रोग आपल्यालाच झालाय असं वाटणं हे डॉक्टरकी शिकणाऱ्यांचं नेहमीचं दुखणं, आणि सुलक्षाला ते सगळ्यांपेक्षा जास्त. छातीच्या विभागात होतो तेव्हा साध्या खोकल्याला तिनं क्षय ठरवला. हृदयाच्या पोस्टिंगला रोज माझ्याकडून नाडी मोजून घ्यायची. आम्ही तिची थट्टा करायचो आणि तीही त्यात सामील व्हायची.

मग सर्जरी आली. एका सकाळी ती आंघोळ करून, केसांना टॉवेल गुंडाळून पलंगावर बसली आणि डाव्या बाजूला काखेजवळ हात नेत म्हणाली, "वैशू, माका हांगा गाठ लागता गो."

मी हसले. सगळ्यात आधी मीच. या महिन्यात सर्जरी म्हणून गाठ, पुढच्या महिन्यात बाळंतपणाच्या वॉर्डात गेलो की तुला जुळी होतील, असं म्हणाले. शेजारच्या खोलीतल्या मुलीही हसल्या आणि ती पण. तरी तिनं एकदा हात लावून बघ म्हटलं. मी लावला नाही. लाज वाटली. एकमेकींच्या पोटावर हात ठेवून आम्ही यकृत शोधायचो, गुडघ्यावर हातोडी मारायचो, पण इथे हात धजेना. त्याऐवजी पुस्तक सांगितलं. आपल्या वयात साधी गाठ असते, हाताखाली सरकते, काळजी नको. त्याच आठवड्यात पेडण्यातल्या एका गावात स्तनाच्या कॅन्सरबद्दल शिबिर होतं. पाळी संपल्यावर काही दिवसांनी आरशासमोर कसं उभं राहायचं, मग तीन बोटांनी कसं तपासायचं, काख कशी विसरायची नाही, हे तिथल्या बायकांना मी भिंतीवरचं चित्र दाखवत घडाघडा सांगितलं. सुलक्षा माझ्या शेजारी चित्राचं एक टोक धरून उभी होती.

परीक्षा संपेपर्यंत चार महिने गेले. पेपर संपले त्या दुपारी तिनं खोलीचं दार लावलं. "आतां हांसूं नाका. हात लाव." मी हात लावला. गाठ सरकली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घेऊन सर्जरीच्या मॅडमकडे गेले. पुढची तपासणी, केमो, ऑपरेशन हे सगळं मी इथे सांगत नाही. तिला ते कुणी सांगितलेलं आवडायचं नाही.

मधल्या बऱ्या दिवसांत तिनं मला हात शिकवला. मी बोटांच्या टोकांनी टोचते म्हणून हसायची. आई बांगडी भरताना हात कसा धरते बघ, म्हणायची. आई दाबत नाही, बोटं सपाट ठेवून फिरवते, आणि हाडं कुठे आडवी येतात ते तिला न बघता कळतं. माझी बोटं धरून तिनं ती आपल्या दुसऱ्या बाजूवर फिरवली. मग विचारलं, तू स्वतःचं बघतेस ना. मी हो म्हटलं. तिनं माझी बोटं पुन्हा एकदा सपाट करून दिली.

मागच्या रविवारी डिचोलीला तिच्या आईकडे गेले. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. सांगायचं ठरवूनच गेले होते. म्हटलं, काकी, तिनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी हसले होते. काकींनी बांगड्यांचा डबा बंद केला. "माका खबर आसा. तूं हांसलें तें तेणें सांगलां, आनी मागीर तूंच हात धरून व्हेलें तेंय सांगलां." मी हसले ते आणि नंतर मॅडमकडे नेलं ते, दोन्ही तिनं घरी सांगितलं होतं. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. निघताना म्हणाल्या, "तुजें तूं बघता मगो?"

या वेळी मी नाही म्हटलं. सगळं पाठ आहे, दुसऱ्यांना शिकवते, पण स्वतःला हात लावायची भीती वाटते, हेही सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या की भीती वाटली तरी बघ, आणि काही लागलं तर आधी माझ्याकडे ये, मी हसणार नाही.

होस्टेलवर सुलक्षाच्या पलंगावर अजून कुणी आलेलं नाही. होस्टेलच्या मॅडमनी मुद्दामच कुणाला दिला नाही, असं वाटतं. आज सकाळी दार लावून मी त्या पलंगावर आडवी झाले. हात थंड होते, ते आधी एकमेकांवर चोळले. बोटं सपाट ठेवली. सावकाश फिरवत काखेपर्यंत नेली. मग दुसरी बाजू. काही लागलं नाही. उठून काकींना फोन केला. फक्त म्हटलं, "काकी, बघितलं."