ऑटर्सचा पाचवा सामना

जगदीश मेश्राम कोलोनमधल्या एका संशोधन संस्थेत रसायनशास्त्रज्ञ आहे. माणूस शांत. प्रयोग फसला, घरमालकाने भाडं वाढवलं, कुणी रांगेत पुढे घुसलं, तरी त्याचा आवाज चढत नाही. तो चढतो फक्त 'ऱ्हाइन ऑटर्स' या बेसबॉल संघाबद्दल बोलताना. मी वर्षानुवर्षं त्याच्या शेजारी बसून हा संघ पाहिला आहे, आणि माझं मत असं की तो चढायलाच हवा.

मी हिशेब खात्यातला माणूस. एखादी गोष्ट कायमच वाईट असेल तर तिची तरतूद करता येते. ऑटर्सची तरतूद करता येत नाही. सकाळी ते असे खेळतात की समोरच्या संघाची दया यावी, आणि दुपारी तेच नऊ जण त्याच मैदानावर साधा घरंगळत आलेला चेंडू पायांमधून सोडतात. नंतर एकमेकांकडे बघून हसतात. त्या हसण्याची मला शिसारी येते.

नागपुरात वाढलेल्या जगदीशने क्रिकेटशिवाय दुसरा खेळ पाहिला नव्हता. त्याची मुलगी हर्षा लहानपणी वर्गातल्या मैत्रिणीबरोबर ऑटर्सच्या क्लबात जाऊ लागली, आणि तिला न्यायला-आणायला जाणारा जगदीश कुंपणाला टेकून हळूहळू हा खेळ शिकला. पुढे हर्षाने खेळणं सोडलं, याने बघणं सोडलं नाही. वहिनी वारल्या. हर्षा शिकायला बर्लिनला गेली आणि तिथेच नोकरीला लागली. फोनवर हा मराठीत विचारतो, ती जर्मनमध्ये उत्तर देते आणि दोन मिनिटांत दोघांचंही बोलणं संपतं. बुद्धपौर्णिमेला ये म्हटलं तर तिला काम असतं, नाताळात मैत्रिणी असतात. मात्र ऑगस्टात, नदीपलीकडच्या 'वेस्पन' संघाशी ऑटर्सची लढत असते तेव्हा ती न बोलावता येते. बापलेक पत्र्याच्या छपराखाली शेजारी बसतात आणि संघाला मनसोक्त नावं ठेवतात. एवढं बोलणं त्यांच्यात वर्षभरात होत नाही.

यंदा दोन्ही संघ तळाला होते. पाच सामन्यांची मालिका ठरली, आणि हरणारा संघ खालच्या लीगमध्ये जाणार होता.

"म्हणजे कुणीही हरलं तरी पुढच्या वर्षी नदीपलीकडच्यांशी सामनाच नाही," जगदीश मला म्हणाला. "मग ती कशाला येईल?"

एवढं एकदाच बोलला. पुन्हा तो विषय त्याने काढला नाही.

शनिवारी पहिला सामना ऑटर्सनी चौदा-दोनने जिंकला. पिचर टोबियास असा चेंडू टाकत होता की वेस्पनचे फलंदाज नुसती हवा कापत होते. दुपारचा सामना शून्य-नऊने घालवला.

"सकाळचे हेच होते का?" हर्षा जर्मनमध्ये म्हणाली. "की यांचे जुळे भाऊ आलेत?"

"जेवण झालं ना," जगदीश म्हणाला. "बटाट्याचं सॅलड खाल्लं की यांना झोप येते."

रविवारी पलीकडे जाऊन पुन्हा माती खाल्ली आणि मग टोबियासच्याच जोरावर चौथा सामना काढला. दोन-दोन. पाचवा पुढच्या शनिवारी, आपल्या मैदानावर. हर्षाने आठवडाभर कोलोनहूनच काम करायचं ठरवलं.

बुधवारी आम्ही तिघं सराव पाहायला गेलो. तिथे टोबियासने अगदी सहज सांगितलं, "शनिवारी मी नाही. डेन्मार्कला चाललोय आम्ही, समुद्राकाठी घर भाड्याने घेतलंय."

"शनिवारी पाचवा सामना आहे," जगदीश म्हणाला.

"हो ना. वाईट वाटतं."

"मग दोन दिवस उशिरा जा."

"जगदीश, ऊरलाउब आहे. जानेवारीत बुक केलंय."

ऊरलाउब म्हणजे हक्काची रजा. या देशात हा शब्द उच्चारला की वाद संपतो. ऑफिसातली तातडीची कामं मी या एका शब्दापुढे आठवडेच्या आठवडे पडून राहिलेली पाहिली आहेत. पण जगदीश ऐकेना.

"सामने ऑगस्टात असतात हे जानेवारीत ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं की. पण तोपर्यंत आपण सुरक्षित असू असं वाटलं."

"कशाच्या जोरावर वाटलं?"

मागे उभ्या असलेल्या प्रशिक्षकाने मान डोलावली. "गेनाऊ, अगदी बरोबर. जानेवारीत कुणाला काय कळतं?" त्याचं स्वतःचं रविवारचं विमान होतं.

"मग निदान तुझा हातमोजा ठेवून जा," हर्षा टोबियासला म्हणाली. "बाकीच्यांपेक्षा तो चेंडू बरा अडवेल."

टोबियास मनापासून हसला. त्याला वाटलं, ती गंमत करतेय.

शनिवारी त्याच्या जागी एक उंच, लाजाळू दंतवैद्य चेंडू टाकायला उभा राहिला. आश्चर्य म्हणजे आठ डाव त्याने निभावून नेले. शेवटच्या डावात वेस्पन फलंदाजीला आले तेव्हा ऑटर्स दोन धावांनी पुढे होते. जगदीश बाकावरून उठून उभा राहिला. आणि दंतवैद्याचा नेम गेला. बेसबॉलमध्ये चार वाईट चेंडू पडले की फलंदाज न खेळता पहिल्या बेसवर जातो. तिन्ही बेस भरलेले असले की त्यामुळे तिसऱ्या बेसवरचा माणूस फेरी पूर्ण करून परत येतो आणि धाव मिळते. दंतवैद्याने तिन्ही बेस असेच भरून दिले आणि वर तीन धावाही दिल्या. वेस्पनच्या बॅटला चेंडू लागायची गरजच पडली नाही. ते एकामागून एक चालत गेले, फिरायला निघाल्यासारखे.

"हरवा ना," जगदीश मराठीत म्हणाला. "मारून हरवा. हे काय?"

एका धावेची बरोबरी करायला ऑटर्सकडे शेवटची संधी होती. पहिले दोघं बाद झाले. तिसरा तर बॅट खांद्यावरच ठेवून बाद झाला, जणू दुसऱ्या कुणाचं तरी काम होतं ते.

पाच मिनिटांत खेळाडूंनी बिअरचा क्रेट उघडला. कुणीतरी डेन्मार्कला फोटो पाठवला. उत्तरादाखल टोबियासचा समुद्रकिनारा आला, तो सगळ्यांनी पाहिला आणि "शोन, शोन", छान, छान, म्हणाले. प्रशिक्षक आम्हाला बिअर द्यायला आला.

"नको," जगदीश म्हणाला. "तुम्ही प्या. तुम्ही दमला असाल."



दुसऱ्या दिवशी हर्षाला सोडायला मी त्याच्याबरोबर स्टेशनवर गेलो. जगदीशचं तिला नीट पोच, जेवत जा, असं सगळं सांगून झालं. पुढच्या ऑगस्टाचं नाव त्याने काढलं नाही. बॅग खांद्याला लावून हर्षा म्हणाली, आणि हे मात्र तिने अडखळत मराठीत म्हटलं, "बाबा, बर्लिनमध्ये पण एक टीम आहे. माझ्या घराच्या जवळ."

"चांगली आहे?"

"नाही. खूप वाईट. मागच्या महिन्यात मी गेली होती."

"कुणाबरोबर?"

"एकटी." मग मराठी पुरेना, म्हणून ती जर्मनवर आली. "पण एकटीने शिव्या घालायला मजा येत नाही."



"बर्लिनवाले तरी कुठे धड असणार," जगदीश तोंड वाकडं करून म्हणाला, आणि सप्टेंबरात त्यांचे सामने कोणत्या शनिवारी आहेत ते तिला विचारू लागला.