वहिनींना घेऊन या

अक्कलकोट रोडवरच्या त्या मेकॅनिकचं नाव मी कधी विचारलंच नाही. पन्नाशीत माणसं गुडघ्याचा पट्टा घेतात. मी दोन दारांची जुनी स्पोर्ट्स कार घेतली आणि मोठं इंजिन बसवायला त्याच्याकडे नेली.

त्यानं बॉनेट उघडून वितीनं जागा मोजली. "बसतंय की," म्हणाला आणि बॉनेट अलगद बंद केलं. "उद्या वहिनींना घेऊन या. त्यांनी हो म्हटल्याबिगर मी बोल्ट सैल करत न्हाय."

"अहो, गाडी माझी आहे!"

टॉवेलच्या चिंधीनं एकेक बोट पुसत तो हळू आवाजात म्हणाला, "मागं एकाला असंच इंजिन बसवून दिलं. तिसऱ्या दिवशी गाडीसकट गेला. त्याची बायको हितं आली. म्हणाली, मला का न्हाय इचारलं? लई वर्सं झाली, सायेब. मला अजून उत्तर घावलं न्हाय."

घरी विषय काढायला मला तीन दिवस लागले.

बायको आली, गाडीभोवती एक फेरी मारली. किती पळेल, हे तिनं विचारलंच नाही. "थांबेल ना हो भाऊ, ही?"

त्याचा हात पुसता पुसता थांबला. "आधी ब्रेक मोठं बसवतो, वहिनी."

महिनाभर इंजिन ताडपत्रीखाली पडून होतं आणि तो ब्रेकच करत होता. मग इंजिन बसून गाडी तयार झाली तेव्हा मी ऐटीत हात पुढे केला. त्यानं किल्ली बायकोच्या हातात ठेवली.

किल्ली अजून तिच्याकडेच असते. मी मागतो, ती विचारते, "कधी येणार?" मी वेळ सांगतो आणि त्या वेळेला घरी असतो.